वेगाचा हिशेब

(इंटरनेटचा वेग सांगताना बिट आणि बाइट ही दोन परिमाणे वापरतात. त्यांतील फरक माहीत नसेल तर गैरसमज होतो. असा एक गैरसमज कसा दूर झाला, ते या पाठात सांगितले आहे.)

पावसाळ्याचे दिवस होते. पनवेलमध्ये सकाळपासून पाऊस कोसळत होता. वर्गात एक मुलगी गप्प बसली होती. मी विचारले, "काय झाले, बेटी?"

ती म्हणाली, "सर, आम्ही फसलो. अब्बांनी घरी 50 मेगाबिटचे इंटरनेट घेतले. काल मी संगणकावर अभ्यासाची फाइल उतरवून घेत होते. वेग दिसला फक्त 6! ज्या मुलाने जोडणी दिली, तो आमच्याच मोहल्ल्यातला आहे. अब्बा आज संध्याकाळी त्याला जाब विचारणार आहेत."

"6 च्या पुढे काय लिहिले होते?"

तिने वही उघडली. "एमबी, दर सेकंदाला. त्यातले बी हे इंग्रजी अक्षर मोठे होते."

मी संगणक कक्षातल्या कपाटातून एक जुनी, लहानशी पेटी आणली. तिच्यावर '56 के' असे लिहिले होते.

"मुलांनो, हा मोडेम. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने मुंबई आणि इतर मोठ्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून येत असे. संगणकाला फक्त 0 आणि 1 समजतात. टेलिफोनच्या तारेतून मात्र आवाज जातो. मोडेम अंकांचे आवाज करी आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजांचे पुन्हा अंक करी. जोडणी होताना किर्र, टीं टीं असा आवाज येई. मग घरचा टेलिफोन अडकून पडे."

"सर, 56 के म्हणजे काय?" एका मुलाने विचारले.

"सेकंदाला 56 किलोबिट, म्हणजे 56,000 बिट. 0 किंवा 1 यांपैकी एक अंक म्हणजे एक बिट. आठ बिट मिळून एक बाइट होतो. इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाइट पुरतो. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-8 या पद्धतीत उर्दूच्या एका अक्षराला 2 आणि देवनागरीच्या एका चिन्हाला 3 बाइट लागतात."

मी पुढे म्हणालो, "केळीवाला सांगतो, 'टोपलीत 96 केळी आहेत.' तुम्ही डझनात मोजता. किती डझन?"

"आठ!"

"केळी कमी झाली का?"

"नाही सर, माप बदलले."

"अगदी तसेच आहे. कंपनी वेग बिटमध्ये सांगते. फाइल उतरवताना संगणक बहुधा बाइटमध्ये दाखवतो. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. म्हणून 8 ने भागा."

मी फळ्यावर लिहिले :

56 किलोबिट ÷ 8 = 7 किलोबाइट
50 मेगाबिट ÷ 8 = 6.25 मेगाबाइट

किलो म्हणजे हजार आणि मेगा म्हणजे दहा लाख. समजा, 5 मेगाबाइटचा एक फोटो आहे. या मोडेमला त्यासाठी सुमारे 12 मिनिटे लागली असती. तारेत खरखर असली तर वेग आणखी कमी होई. 50 मेगाबिटच्या जोडणीवर तोच फोटो एका सेकंदाच्या आत येतो. ही जोडणी मोडेमपेक्षा जवळजवळ 900 पट वेगवान आहे.

मुलीच्या जिवात जीव आला. "म्हणजे त्या मुलाने फसवले नाही!"

"नाही. पण वेग नेहमीच 2 मेगाबाइट दिसला असता, तर तक्रार करणे तुमचा हक्क होता. म्हणून आधी हिशेब करावा आणि मग बोलावे."

दुसऱ्या दिवशी ती हसत आली. "सर, मी अब्बांना वही दाखवली. ते म्हणाले, 'बरे झाले, घरातच कळले. नाहीतर त्या मुलाला उगाच चारचौघांत खोटे ठरवले असते.'"

शब्दार्थ
परिमाण – मोजण्याचे माप
गैरसमज – गलतफहमी
वेग – रफ्तार
जाब विचारणे – जवाब मागणे
जिवात जीव येणे – काळजी दूर होणे
तक्रार – शिकायत (उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण, मराठीत अर्थ वेगळा आहे.)

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एका बाइटमध्ये किती बिट असतात?
(आ) मोडेम कोणते काम करी?
2. मुलीला आपण फसलो असे का वाटले? तीन-चार वाक्यांत लिहा.
3. बाइटमध्ये रूपांतर करा : 28.8 किलोबिट, 100 मेगाबिट.
4. 'जिवात जीव येणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
5. उर्दूत आणि मराठीत सारखे वाटणारे पाच शब्द पाठातून शोधा. त्यांचे अर्थ सारखेच आहेत का, ते पाहा.