पुस्तक ठेक्यानं देताना

बाबू, परवा कोहमाऱ्याच्या चौकात चहा पिता पिता तू सांगितलंस, की तुझं झाडीबोलीतलं पुस्तक एआयला शिकवण्यासाठी मागताहेत. लगेच विचारलंस, "सही करू का, मामा?" लहानपणीही आंबा पाडाला लागायच्या आत तुझ्या हातात असायचा. यंत्राला आपली बोली कळावी असं मलाही मनापासून वाटतं, तेव्हा नाही म्हणू नकोस. फक्त एवढं बघून घे.

१. प्रकाशकाशी झालेला जुना करार आधी शोध – करार झाला तेव्हा जो वापर व्यवहारातच नव्हता, तो नाव घेऊन लिहिलेला नसेल तर दिला असं धरत नाहीत. २०१२च्या कायदादुरुस्तीनं लेखकाला दिलेला हा आधार आहे. एआय त्यात बसतं, असा मुद्दा तुला मांडता येईल.

२. पुस्तक विकू नकोस, ठेक्यानं दे – ठेक्याची बांधी हंगामापुरती, सातबारा पिढ्यांचा.

३. 'सर्व हक्क' हे दोन शब्द दिसले की पेन खाली ठेव – माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी ते वाचलेच नाहीत, आणि माझाच एक लेख दुसऱ्या संग्रहात घ्यायला मला परवानगी मागत फिरावं लागलं.

४. मुदत, प्रदेश, रक्कम आकड्यांत लिहून घे – मुदत नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारतापुरतं. २०२४ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकानं एआयला पुस्तक देता का असं लेखकांना विचारलं तेव्हा मुदत ३ वर्षांची होती, पुस्तकामागच्या ५,००० डॉलरांतले निम्मे लेखकाचे, आणि हो म्हणेल त्याचंच पुस्तक जाणार होतं.

५. मुदत संपल्यावर काय, हे आजच विचार – शिजल्या भातातून तांदूळ वेचता येत नाही. यंत्र एकदा शिकलं की त्यातून तुझ्या पुस्तकापुरतं वेगळं काढणं फार अवघड. म्हणून फाइल पुसणार का, पुढचं मॉडेल तिच्यावरच घडवणार का, ती तिसऱ्याला देणार का, मजकूर जसाच्या तसा बाहेर पडू नये म्हणून काय करणार, हे सगळं कागदावर येऊ दे.

६. पुस्तकात दुसऱ्याचं काय आहे ते मोज – चित्रं चित्रकाराची, फोटो काढणाऱ्याचे, आणि रोवण्याची गाणी त्या बायांची, ज्यांनी धुऱ्यावर बसून तुला ती सांगितली. कायदा त्यांच्याबद्दल गप्प असला तरी तू जाऊन विचार. त्यांनी गाणी छापायला दिली होती, यंत्राला नाही.

७. पहिल्या छपाईची प्रत नि पावती जप, जमलं तर नोंदणीही कर – नोंदणीवाचूनही कॉपीराइट तुझाच, पण पुरावा हाताशी लागतो. चोरट्या संकेतस्थळांवरून पुस्तकं उतरवल्याबद्दल अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं २०२५ मध्ये अमेरिकेत १५० कोटी डॉलरांची तडजोड केली. पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर ठरले, तेही तिथे वेळेत नोंदलेल्या पुस्तकांनाच.

८. घरात सांगून ठेव – कॉपीराइट लेखकामागे ६० वर्षं चालतो. नवेगावचं रान लिहिणारे मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०८५ अखेरपर्यंत राहतील.

रविवारी कागद घेऊन ये. एक ओळ तू वाच, एक मी. बारीक अक्षरातल्या तुझ्याकडे.