आवासिक म्हणजे कोण?

आषाढी पौर्णिमा जवळ आली की वर्षावासाचा विषय निघतो. तीन महिने भन्तेजींना निमंत्रित करावे असे ठरते, आणि ते विहारात 'आवासिक' राहतील असे आपण म्हणतो. विद्यार्थ्यांनी हा शब्द नीट समजून घ्यावा.

पालीत आवास म्हणजे राहण्याचे ठिकाण. तेथे वास्तव्य करणारा भिक्खू तो आवासिक, बाहेरून आलेला तो आगंतुक. भिक्खूंनी चारिका करावी हाच मूळ दंडक. परंतु पावसाळ्यात हिरवे गवत व लहान जीव पायाखाली तुडवले जातात अशी लोकांची तक्रार आली आणि तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा नियम झाला. चिचगड परिसरात रोवणीच्या दिवसांत बांध्यांतून चालणाऱ्यांना ही तक्रार समजावून सांगायला नको! अत्यावश्यक कामासाठी सात दिवस बाहेर राहण्याची मुभा मात्र आहे.

आवासिकाची कर्तव्ये चुल्लवग्गात आहेत. ज्येष्ठ आगंतुक आल्यास आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे, निजण्याची जागा दाखवावी, भिक्षेला कोठे जावे ते सांगावे. यजमानपण आवासिकाचे, विहार संघाचा.

हे विसरल्यास काय होते? मच्छिकासंड येथे चित्त गृहपतीच्या वनात सुधम्म आवासिक होता. त्याला विचारल्याखेरीज चित्त कोणालाही निमंत्रण देत नसे. एकदा सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थेर आले. चित्ताने त्यांना आधी निमंत्रण दिले, सुधम्माला नंतर. सुधम्माने रागाने त्याचा अपमान केला. तथागतांनी भिक्खूलाच उपासकाची क्षमा मागायला पाठविले. एकट्याला धीर होईना, म्हणून संघाने सोबत एक भिक्खू दिला.

आता उपासकांची बाजू. सुमारे १९०० वर्षांपूर्वी उषवदाताने नाशिकच्या लेणे क्रमांक १० मध्ये लेख कोरविला. २००० कार्षापणे विणकरांच्या श्रेणीकडे ठेव, व्याज दरमहा शेकडा १. वर्षाचे २४० होतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख आहे, आणि तो दगडावर आहे.

आपल्या समितीनेही निमंत्रणाआधी असाच हिशेब मांडावा. आश्विन पौर्णिमेपर्यंत भोजनदानाची पाळी कोणाकडे, औषधपाण्याचा खर्च कोठून, आणि सारा गाव रोवणीला गेल्यावर भन्तेजींची विचारपूस कोण करणार.