वाघोबाच्या खिंडीत थांबलेली मोटार

पालघरहून मनोरास जाणारा रस्ता ज्यांच्या नित्य परिचयाचा आहे, त्यांस वाघोबाची खिंड निराळी सांगावयास नको. चढ फार मोठा नाही. परंतु वळणे आहेत, मागेपुढे मालाच्या लॉऱ्या आहेत, आणि पावसाळ्यात रस्ता निसरडा होतो. अशा ठिकाणी इंजिनाने दम सोडला तर गाडी बाजूस घ्यावयासही जागा मिळत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांची मोटार ह्या खिंडीत अशीच थांबली. शेजारच्या आसनावर त्यांचा दहावीतला मुलगा बसलेला होता. मागून येणाऱ्या लॉरीच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

ही मोटार वीस वर्षांहून जुनी, दोनच आसनांची, खेळाडू बांध्याची आहे. मालक बोइसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असून त्यांनी ती हौसेने दुसऱ्या हाताने विकत घेतली, आणि रविवारी ते ती चिंचणीच्या किनाऱ्यावर नेत असत. खिंडीतील प्रसंग पहिला नव्हता. त्यापूर्वी दोनदा गाडी अडली होती. एकदा पेट्रोलाचा फिल्टर बदलला, एकदा पंपच नवा बसविला. नवा पंप बसविल्यावर तीन आठवडे गाडी उत्तम चालली, आणि पुन्हा तोच प्रकार. तेव्हा मालकांची अशी समजूत झाली की, गॅरेजातील तरुण मिस्त्रीने पंप चुकीचा बसविला. आणि पंपाची किंमत त्या मिस्त्रीच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जाऊ लागली. हा मिस्त्री आमचाच जुना विद्यार्थी. तो आमच्याकडे आला, तो तक्रार घेऊन नव्हे, तर एक प्रश्न घेऊन : "गुरुजी, पंप चांगला, फिल्टर चांगला, मग दाब जातो कुठे?" आमच्या विज्ञान मंडळाने हा प्रश्न हाती घेतला. त्याची हकीकत येथे देत आहोत.

प्रथम दाब म्हणजे काय ते पाहू. पूर्वीच्या मोटारींत कार्बुरेटर असे. इंजिनात ओढली जाणारी हवा आपल्याबरोबर पेट्रोल शोषून नेई, त्यामुळे पंपास फारसा दाब द्यावा लागत नसे. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल शोषले जात नाही, ते फवारले जाते. १९५४ साली मर्सिडीज कंपनीने आपल्या ३०० एसएल ह्या प्रसिद्ध गाडीत फवाऱ्याची यांत्रिक पद्धत आणली; १९६७ साली बॉश कंपनीची विजेच्या नियंत्रणाची पद्धत फोक्सवॅगन गाड्यांत आली. आपल्या देशात १९९५ नंतर अशा गाड्या दिसू लागल्या, व २००० सालच्या धूरनियमांनंतर त्यांचा सर्वत्र प्रसार झाला. गोव्यात तयार होणारी सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी गाडी, जिच्यात रेनॉ कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, तीही ह्याच काळातील.

ह्या पद्धतीत इंजेक्टर म्हणजे विजेने उघडझाप होणारी एक सूक्ष्म झडप होय. ती किती क्षण उघडी ठेवावयाची हे गाडीतील संगणक ठरवितो. परंतु तेवढ्या वेळात किती पेट्रोल बाहेर पडेल हे दाबावर अवलंबून असते, आणि पुष्कळशा जुन्या गाड्यांत दाब मोजण्याचे साधन संगणकापाशी मुळीच नसते. तो दाब ठीक आहे असे तो गृहीत धरतो. म्हणूनच दाब ढळला तर सूचनेचा दिवा बहुधा लागत नाही.

दाबाचे प्रमाण किती? आमच्या पाहण्यातील ह्या गाडीत ते ३ बार असावयास हवे. एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. तेव्हा ३ बार म्हणजे दहा मजली इमारतीच्या टाकीतून तळमजल्यावरील नळास येणारा दाब समजावा. तारापूरच्या कारखान्यांत बॉयलरवर काम करणाऱ्या पालकांस हा आकडा क्षुल्लक वाटेल! पण आपल्या विद्यार्थ्यांनी एक गणित ध्यानात ठेवावे : छिद्रातून बाहेर पडणाऱ्या द्रवाचे प्रमाण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. दाब निम्मा झाला तर पेट्रोल निम्मे होत नाही. ते शेकडा ७१ इतके राहते. हे वाचून कोणास बरे वाटेल, पण शेकडा २९ पेट्रोल कमी पडले तर चढावर भार ओढणारे इंजिन ठसके देऊ लागते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

दाब एकसारखा राखण्यासाठी रेग्युलेटर नावाची डबी असते. पंप नेहमी गरजेपेक्षा अधिक पेट्रोल पाठवितो, आणि उरलेले रेग्युलेटरमधून परत टाकीत जाते. ह्या डबीस एक बारीक रबरी नळी इंजिनाच्या हवेच्या मार्गाशी जोडलेली असते. इंजिन रिकामे, मंद चालत असता तेथे निर्वात असतो, म्हणून दाबही त्या मानाने उतरतो. आणि पाय दाबून हवा मोकळी केली की दाब पुन्हा वर चढतो. हे न जाणता गेज लावणारा मनुष्य चांगल्या रेग्युलेटरास दोष देऊन बसतो. ह्या डबीतील पडदा फाटल्यास त्या बारीक नळीत पेट्रोल येते; नळी काढून वास घेतला की तो दोष एका क्षणात कळतो, आणि त्यासाठी गेजही लागत नाही.

आता परीक्षेकडे वळू. पण त्याआधी एक ताकीद. दाबाखालचे पेट्रोल सांध्यातून सुटले तर त्याची वाफ होते, आणि तापलेल्या इंजिनावर वा ठिणगीवर ती पेट घेते. म्हणून आमच्या कोणाही विद्यार्थ्याने पेट्रोलाच्या नळीस हात लावला नाही. ते काम मिस्त्रीनेच केले. गाडी उघड्यावर होती, इंजिन थंड होते, पंपाचा फ्यूज काढून व इंजिन आपोआप बंद पडू देऊन आधीचा दाब उतरविला होता, सांध्याभोवती कापड धरले होते, आणि अग्निशामक नळकांडे हाताशी होते. मुलांचे काम आकडे वहीत टिपण्याचे. घरी हा प्रयोग कोणी करू नये.

गेज लावून किल्ली फिरविली. मंद गतीवर दाब २.५ बार, रेग्युलेटरची बारीक नळी काढताच ३ बार. म्हणजे रेग्युलेटर निर्दोष. इंजिन बंद करून पाहिले तर दाब बराच वेळ टिकून राहिला. पंपाच्या मुखाची एकेरी झडप अथवा एखादा इंजेक्टर गळका असता तर तो झपाट्याने उतरला असता, व गाडी सकाळी सुरू होण्यास वेळ लागला असता. ह्या गाडीस तसा त्रास नव्हता. येथपर्यंत आम्ही समाधानाने माना डोलावल्या, आणि येथेच आमची चूक झाली. गाडीत दाबाचा दोष नाही, असे आम्ही त्या मिस्त्रीस सांगून मोकळे झालो.

तो मात्र उठला नाही. तो म्हणाला, "गुरुजी, गाडी अंगणात कधीच थांबली नाही, ती खिंडीत थांबली." शिष्याने गुरूस शिकविण्याचा हा प्रसंग लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. मंद गतीवर इंजिनास पेट्रोल अत्यल्प लागते. अर्धमेला पंपही तेवढे पुरवू शकतो, आणि गेज आनंदाने योग्य आकडा दाखवितो. दाब आहे म्हणजे पुरवठा आहे असे नव्हे. घरच्या नळास तोटी बंद असता पूर्ण दाब असतो. बादली भरावयास लागली म्हणजे खरे काय ते कळते.

तेव्हा मिस्त्रीने लांब, पेट्रोलास व दाबास टिकणारी नळी जोडून गेज बाहेरून समोरच्या काचेवर बांधले, आणि रविवारी पहाटे, रहदारी नसताना, तो व मालक गाडी घेऊन मनोरकडे निघाले. आम्ही दुसऱ्या गाडीतून मागे. सपाट रस्त्यावर काटा स्थिर होता. अर्ध्या तासाच्या फिरतीनंतर खिंडीचा चढ लागला, पाय दाबला, आणि ३ वर जावयाचा काटा २ वर, मग १.५ वर आला. गाडीने धक्के दिले. दोष डोळ्यांनी दिसला. पण कारण अजून दिसत नव्हते.

गॅरेजात परत येताच इंजिन तापलेले असतानाच, परतीच्या नळीतील पेट्रोल अर्धा मिनिट मापात घेतले : १५० मिलिलिटर. हेच माप सकाळी निघण्यापूर्वी घेतले होते, तेव्हा ते ७५० होते. नवा पंप, नवा फिल्टर, आणि तासाभरात पुरवठा एक पंचमांश! पेट्रोलाच्या वाटेवर अडथळा असता तर तो सकाळीही असता. मग आमच्या एका विद्यार्थिनीने, जिचे वडील वीजवाहिन्यांचे काम करतात, विचारले की पंपास वीज किती पोहोचते ते कोणी मोजले आहे काय? कोणीच मोजले नव्हते.

मीटर लावले. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, पंपाच्या टोकांवर ८.२. वाटेत ५.४ व्होल्ट हरवले होते. आता हे कोणत्या वाटेवर हरवले ते शोधणे ओघानेच आले. बॅटरीच्या धन टोकापासून पंपाच्या धन टोकापर्यंत मीटर धरले : ०.४ व्होल्ट, म्हणजे रिले, फ्यूज व तार सर्व ठीक. पंपाच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत धरले : ५ व्होल्ट. पंप ४ अँपिअर वीज घेत होता. ओहमच्या नियमाने त्या परतीच्या वाटेत सव्वा ओहम रोध, आणि तेथे २० वॅट उष्णता. मागील सामानाच्या कप्प्याचे पत्र्याचे झाकण काढताच अर्थिंगच्या तारेचा स्क्रू दिसला. तो हातास चांगलाच गरम लागला, व त्याभोवती तांबूस गंज आणि हिरवट थर चढलेला होता.

चिंचणीची खारी हवा! समुद्रकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीत मिठाचे सूक्ष्म कण शिरतात, आणि पावसाच्या ओलाव्याने दोन निराळ्या धातूंच्या सांध्यावर गंज लवकर धरतो. सांधा थंड असताना कसाबसा वीज वाहून नेई; अर्ध्या तासाने तापला की रोध वाढे, पंप मंदावे, आणि नेमका त्याच वेळी खिंडीचा चढ पुढे येई. नवा पंप बसविल्यावर तीन आठवडे गाडी का चालली, ह्याचाही उलगडा झाला. पंप काढताघालताना तार हलली, गंज थोडा खरवडला गेला, आणि श्रेय पंपास मिळाले. ज्या गाड्यांचे शरीर पत्र्याचे नसून फायबरचे असते, त्यांत परतीची वीज शरीरातून वाहू शकत नाही, ती सर्व तारांवरच अवलंबून असते. तेथे हा सांधा अधिकच जपावा लागतो.

सांधा घासून स्वच्छ केला, नवी जाड तार टाकली, वर ग्रीस लावले. खर्च दोनशे रुपयांच्या आत. पंपावर आता १२.९ व्होल्ट येतात.

जुन्या गाड्यांच्या मालकांस आणखी एक सूचना करणे अवश्य वाटते. २०२५ साली देशातील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण शेकडा २० वर पोहोचले आहे. ज्या काळी ह्या गाड्या बनल्या त्या काळचे रबर ह्या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. ते फुगू अथवा कडक होऊ शकते, आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून वीस वर्षांची नळी वरून धडधाकट दिसली तरी ती योग्य प्रतीच्या नव्या नळीने बदलून घ्यावी. परीक्षेसाठी अशी जुनी नळी चिमट्याने दाबून धरण्याची कित्येकांस सवय असते. कडक झालेले रबर त्याने चिरते, व दुरुस्तीस आलेली गाडी पेटण्याचे निमित्त होते.

पुढील रविवारी पुन्हा खिंड चढून पाहिली. काटा ३ वर गेला आणि माथ्यापर्यंत तेथेच राहिला. ह्या खेपेस मालकांचा मुलगा मागे आमच्या गाडीत बसून दुर्बिणीने तो वाचीत होता. कापलेली रक्कम मालकांनी त्याच संध्याकाळी मिस्त्रीच्या हाती ठेवली. प्रथम काढून टाकलेला जुना पंप कोपऱ्यात पडून होता. मिस्त्रीने तो दुसऱ्या एका गाडीस लावून पाहिला. त्याचा दाब भरला, आणि पुरवठाही.