राजीनामा टाकण्याआधी

पोखर्णी (नृसिंह), जि. परभणी

चि. बाळू,

नोकरी सोडून तीन-चार कंपन्यांची सुटी कामं घरबसल्या घ्यायचा तुझा बेत अक्कानं, तुझ्या आईनं, काल सांगितला. माझी ना नाही. एकाच गेटातून तीस वर्षं आत-बाहेर करायचे दिवस गेले, ते मलाही दिसतं. पण अक्काच्या विम्याचं काय केलंस?

मी वाळूजला कंपनीत होतो तेव्हा पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कटायचे आणि आम्ही कुरकुरायचो. पुढं जास्त हजेरीच्या लोभानं ठेकेदाराकडं गेलो. तिथं ना कपात, ना कागद. वर्ष-सव्वा वर्षानं तुझ्या मामीचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. ईएसआयचं जुनं कार्ड मी सेलोटेप लावून जपलं होतं. दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसानं ते उलटून पाहिलं आणि हळूच परत सरकवलं. त्याचं काही चुकलं नाही, नोकरी मीच सोडली होती. दारची म्हैस गेली, मामीच्या कानातलंही.

तुझा पगार २१,००० च्या वर, म्हणून ईएसआय नाही. कंपनीनं गटविमा काढलाय. त्यात अक्काची शुगर पहिल्या दिवसापासून धरली, कुणी काही विचारलं नाही. तो विमा तुझ्या नोकरीला बांधलेला आहे, नोकरी संपली की तोही संपला. बाहेर कोरी पॉलिसी घेशील तर जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावतील. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय मात्र नियमात आहे, आणि गटात काढलेली वर्षं त्या मुदतीतून वजा होतात. तब्येत तपासतील, हप्ताही झोंबेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा.

महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, रेशन कार्ड आपल्याकडं आहेच. पण ठरलेले उपचार, ठरलेले दवाखाने. महिन्याच्या गोळ्या त्यात नाहीत. नव्या कायद्यात अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचा, असं आहे. चांगलं आहे. पण तो पैसा दवाखान्याच्या बिलापर्यंत पोचायची वाट बघत तू बसू नको. सुट्या कामाचा दर सांगताना विम्याचा हप्ता त्यात धर. आता तुझा मालक तूच, तेव्हा त्याचा वाटाही तुलाच भरायचाय.

राजीनाम्याच्या आधी एचआरला मेल टाक: विमा नक्की कोणत्या तारखेला संपतो, वैयक्तिक पॉलिसीत जायला अर्ज कधी करायचा. उत्तर लेखी घे. तोंडी सांगणारा माणूसही उद्या नोकरी सोडून जातो.

आणि फॉर्मवर शुगर लपवू नको, एजंट काहीही म्हणो. अक्काचे सगळे जुने रिपोर्ट परभणीहून आणून मी पिशवीत घालून ठेवलेत. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
मामा