साखर किती खावी? सभासदांच्या शंकेला उत्तर



२०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरची एक बातमी वर्तमानपत्रांतून आली. मिहानमधील एम्स रुग्णालयात समोसा, जिलबी वगैरे पदार्थांत तेल किती व साखर किती हे सांगणारे फलक लागणार, अशी ती बातमी होती. तोंडातोंडी पसरता पसरता तिची ‘जिलबीवर सिगारेटसारखा इशारा’ अशी झाली. केंद्रीय आरोग्य खात्याने १५ जुलैला खुलासा केला की, विक्रेत्यांच्या मालावर इशारा छापण्याचा कोणताही आदेश नाही. कचेऱ्यांतून लोकांना माहिती व्हावी, एवढाच हेतू आहे. त्याआधी मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले होतेच.

तेव्हापासून शिवारात गाठ पडली की सभासद विचारतात, “साहेब, आमी ऊस लावाचा, कारखान्यानं साखर कराची, अन् सरकारनं म्हनाचं का खाऊ नका, हे कसं जी?” प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. शेतकीची पदविका घेऊन बेणे, खत आणि पाणी यातच आमची वर्षे गेली. पण उसात साखर कशी भरते हे आम्ही सांगत असू, तर ती पोटात गेल्यावर तिचे काय होते हेही सांगायला हवे.

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिला की उतारा पडतो, हे आपण जाणता. त्या वेळी सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होते. नेमकी हीच फोड आपल्या लहान आतड्यात होते, फक्त फार झपाट्याने. ग्लुकोज रक्तात उतरते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडते आणि त्याच्या आधाराने स्नायू ते ग्लुकोज आत घेतात. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृताकडे जातो. गरजेपेक्षा जास्त आले की यकृत त्याची चरबी बनवते. ती चरबी यकृतात साठत गेली की इन्शुलिनचा जोर कमी पडू लागतो.

म्हणूनच एकच चहा दोघांना सारखा लागत नाही. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या तोडणी कामगाराचे स्नायू साखर जागच्या जागी खर्च करतात. मोटारसायकलवरून बांधावर येऊन सावलीत बसणाऱ्या बागाईतदाराचे तसे नाही. (यात आम्हीही आलो.)

“केवळ साखरेने मधुमेह होतो” असे म्हणणे मात्र बरोबर नाही. आनुवंशिकता, पोटाचा घेर, बैठे काम, एकूण खाणे हे सारे त्यात येते. आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायका व त्यांची मुले यांचा अभ्यास केला. त्या मुलांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडातील मुलांचे ३.५ किलो. पण आपल्या मुलांत कमी होते ते मांस; चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला सडपातळ आणि आतून चरबी धरून असा आपला बांधा जन्मापासूनच. “मी तर काटकुळा आहे, मला कशाला साखरेचा रोग” या भरवशावर राहू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले त्याहून जास्त, साडेतेरा कोटींच्या घरात.

मग किती खावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असल्यास अधिक बरे. दिवसाला २,००० उष्मांक खाणाऱ्यास ही मर्यादा ५० ग्रॅम, आणि बरी म्हणावी अशी २५ ग्रॅम. घरातला चहाचा चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरा. देशाचा साखरेचा खप वर्षाला सुमारे २८० लाख टन आहे. लोकसंख्येने भागले तर माणशी २० किलो, म्हणजे रोजचे ५५ ग्रॅम! ही सारी साखर आपल्या डब्यातून जात नाही. निम्म्याहून अधिक मिठाई, बिस्किटे, थंड पेये करणारे उचलतात. न दिसता पोटात जाते ती हीच.

पक्वता पाहण्यासाठी आम्ही जो हँड रिफ्रॅक्टोमीटर शेतात आणतो तो इथेही उपयोगी पडतो. रसवंतीतल्या रसाचा ब्रिक्स १८ धरला तर २०० मि.ली. निव्वळ रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. आले-लिंबू पिळल्याने ती कमी होत नाही. बाटलीतल्या गोड कोल्ड्रिंकमध्ये १०० मि.ली.मागे साधारण १० ग्रॅम. आपल्या नागपुरी संत्र्याचा रसही ब्रिक्सला १० च्या जवळपास असतो, पण संत्रे सोलून फोडी खाल्ल्या तर चोथ्यामुळे साखर हळूहळू उतरते आणि दोन फळांत पोट भरते. रस काढायला बसलो की चार फळे एका पेल्यात जातात.

गुळाबद्दलही बोलावे लागेल, कारण पुष्कळ मधुमेही मंडळी साखर सोडून खुशाल गूळ खातात. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे. पण त्याचा बहुतेक भाग सुक्रोजच, आणि रक्तातली साखर तो तशीच वाढवतो.

दातांचे थोडक्यात. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि ते दात खाते. किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे इथे महत्त्वाचे. दिवसभर चॉकलेट चघळणाऱ्या पोरापेक्षा जेवणासोबत एकदा श्रीखंड खाणारा पोरगा बरा.

आता आपल्याच धंद्याची एक गोष्ट. साखर कारखान्याच्या पत्रिकेत ती सहसा छापली जात नाही. १९६७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. त्यात हृदयरोगाचा दोष चरबीवर टाकून साखरेला सोडून दिले होते. त्यासाठी तिथल्या साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते, हे २०१६ साली जुन्या पत्रव्यवहारावरून उघड झाले. आपण सभासदांना तसे फसवू नये, असे आमचे मत आहे.

उलट बाजूचा दाखलाही आहे. इंग्लंडात युद्धकाळापासून साखर शिधापत्रिकेवर होती, ती सप्टेंबर १९५३ मध्ये खुली झाली. २०२४ साली संशोधकांनी त्या सुमारास जन्मलेल्यांची तुलना केली. आईच्या पोटात व पहिल्या दोन वर्षांत ज्यांना साखर बेताची मिळाली, त्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. तान्ह्या मुलाच्या दुधात साखर घालणाऱ्या आज्यांना हे जरूर वाचून दाखवावे.

“मग आमच्या उसाचं काय?” पेट्रोलमध्ये २०१४ च्या सुमारास दीड टक्का इथेनॉल मिसळत, २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर गेले. या इथेनॉलचा एक भाग उसाचा आहे. उसाला पोटाखेरीज दुसरी वाट आहे, आणि घरातले दोन चमचे कमी केल्याने कुणाची मोळी शेतात राहणार नाही.

राहता राहिला चहा. ऊस नोंदणीच्या दिवसांत आम्ही रोज सहा-सात वस्त्यांवर जातो. प्रत्येक घरी चहा, आणि कारखान्याचा माणूस म्हणून साखर जरा सढळ. सहा कप, दोन-दोन चमचे; जेवणाआधीच ६० ग्रॅम झाले. मागे आमच्या रक्ताची उपाशीपोटी तपासणी केली तेव्हा साखर ११४ निघाली. १०० च्या आत असावी, १२६ च्या वर दोनदा आली तर मधुमेह. आम्ही मधल्या पट्ट्यात. चाळिशी ओलांडलेल्या सभासदांनी एकदा ही तपासणी करून घ्यावी. ग्रामीण रुग्णालयात ती होते.

यंदा नोंदणीला आलो की आमचा चहा अर्धा कप आणि फिका ठेवावा. नको म्हटले तर वहिनींनी राग मानू नये.