असंमत श्रद्धा आणि ख्रिस्ती धर्मसंस्थेचा प्रतिसाद : शब्दांच्या अंगाने एक अभ्यास

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• ‘पाखंड’ या अर्थाच्या शब्दांचा अर्थपालट उदाहरणांसह सांगता येईल;
• असंमत मतांना ख्रिस्ती धर्मसंस्थेने दिलेल्या प्रतिसादांचे प्रकार ओळखता येतील;
• पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराच्या आधारे अशा वादाचे विश्लेषण करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कोणत्याही धर्मपरंपरेत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. एखादा श्रद्धावान मनुष्य परंपरेला मानतो, पण तिचे एखादे सूत्र जसेच्या तसे स्वीकारत नाही. अशा माणसाला आपला म्हणावे की परका? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे अनेक प्रकारे दिली गेली. आपण मराठीचे अभ्यासक असल्यामुळे या उत्तरांकडे धर्मशास्त्राच्या दृष्टीने न पाहता मुख्यतः भाषेच्या दृष्टीने पाहू. कोणाचे मत खरे, हा या पाठाचा विषय नाही. मत ‘चुकीचे’ ठरवण्याची क्रिया कोणत्या शब्दांनी घडते, हा विषय आहे.

२. दोन शब्दांचा प्रवास

‘पाखंड’ हा शब्द आज निंदेचा आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘पाषण्ड’ या शब्दात आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत मात्र त्याचे प्राकृत रूप कोणत्याही धर्मपंथासाठी येते. गिरनार येथील बाराव्या शिलालेखात सर्व ‘पासंडां’चा आदर करावा, असा उपदेश आहे. तेथे या शब्दाला निंदेचा स्पर्शही नाही. पुढे ‘दुसऱ्यांचा पंथ’ आणि ‘खोटा पंथ’ हे अर्थ एकमेकांत मिसळले आणि शब्दाची अर्थच्युती झाली.

ग्रीक भाषेतील ‘हैरेसिस’ या शब्दाची कथा आश्चर्यकारकरीत्या सारखी आहे. त्याचा मूळ अर्थ ‘निवड’. तत्त्वज्ञानाच्या एखाद्या शाखेलाही हाच शब्द लावीत. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात परुशी लोकांच्या पंथासाठी तो आला आहे; इतकेच नव्हे, तर पौलावर आरोप ठेवणारे लोक ख्रिस्ती समुदायालाही तोच शब्द लावतात. पुढे ख्रिस्ती समाज स्थिरावल्यावर त्याने हाच शब्द आपल्यातील असंमत मतांसाठी वापरला. आरोपीला लावलेला शब्द पुढे त्याच्याच हाती न्यायाधीशाचा शब्द झाला.

येथे एक अभ्यासतत्त्व लक्षात ठेवा : ‘पाखंडी’ हा शब्द वर्णन करीत नाही, निकाल देतो. म्हणून तो कोणी, कोणाला आणि कोणत्या अधिकाराने लावला, हे आधी विचारावे.

३. परिषद, आज्ञा आणि दंड

चौथ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील एरियस या धर्मगुरूने असे प्रतिपादन केले की, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला असून तो पित्यासारखा अनादी नाही. हा वाद मिटवण्यासाठी सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकिया येथे बिशपांची परिषद भरवली. परिषदेने पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच सत्त्वाचा आहे, असे सूत्र ठरवले. वाद मात्र तेथे थांबला नाही. पुढे काहींनी ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सदृश सत्त्वाचा, हा शब्द सुचवला. ग्रीक लिपीत या दोन शब्दांत ‘आयोटा’ या एकाच अक्षराचा फरक आहे. त्या एका अक्षराच्या दोन्ही बाजूंना बिशप उभे राहिले.

एरियसचे लेखन जाळून टाकण्याची आज्ञा सम्राटाने दिली. परिणामी त्याच्या ‘थालिया’ या रचनेतील जो अंश आज उपलब्ध आहे, तो मुख्यतः त्याचा कट्टर विरोधक अथॅनेशियस याने खंडनासाठी दिलेल्या उताऱ्यांतून. पराभूत पक्षाचे म्हणणे विजेत्याच्या ग्रंथातून वाचावे लागते, ही अडचण अशा विषयांच्या अभ्यासात सतत येते.

राजसत्ता पाठीशी आल्यावर दंडही आला. स्पेनमधील बिशप प्रिसिलियन याला सुमारे ३८५ मध्ये ट्रियर येथे देहदंड देण्यात आला. मात्र तूरचा बिशप मार्टिन हा स्वतः प्रिसिलियनच्या मतांचा समर्थक नसूनही या शिक्षेला त्याने विरोध केला. म्हणजे असंमताला कसे वागवावे, याविषयी धर्मसंस्थेतच मतभेद होते. आपल्या शेजारी गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशनचे न्यायालय मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत चालले. नवख्रिस्ती कुटुंबांतील जुन्या चालीरीती हा त्याच्या चौकशीचा एक प्रमुख विषय होता.

४. संवाद : पंडिता रमाबाईंचे उदाहरण

दंडाहून वेगळा प्रतिसाद पाहण्यासाठी आपण एकोणिसाव्या शतकात येऊ. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या सहवासात राहून त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानंतर प्रश्न संपले नाहीत; वाढले. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना जसाच्या तसा पटेना. चर्चचे वचन म्हणून एखादी गोष्ट मानावी, हे तर मुळीच पटेना. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर आपण तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार आणि अवज्ञा दिसली. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची भूमिका निराळी होती. शंका असणे हा अपराध नसून शंकेला अधिकाराने नव्हे, तर विचाराने उत्तर द्यावे, असे त्यांना वाटे. त्यांनी रमाबाईंशी दीर्घ तात्त्विक पत्रव्यवहार केला. एकाच चर्चमधील दोन स्त्रिया एकाच शंकेला दोन प्रकारे सामोऱ्या गेल्या, ही या प्रकरणातील महत्त्वाची बाब आहे.

वादाचा एक प्रसंग भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन शब्द असावेत, असा आग्रह होता. आपल्याला लॅटिन समजत नाही, ती आपली मातृभाषाही नव्हे. शब्द हवेच असतील तर ते संस्कृत असावेत, असे रमाबाईंचे म्हणणे होते. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून, असा खुलासाही त्यांनी केला. श्रद्धा स्वीकारताना भाषाही बदलावी लागते काय, असा हा प्रश्न होता.

एरियसचे लेखन जाळले गेले. रमाबाईंची पत्रे मात्र टिकली. ती जतन करणाऱ्या होत्या त्यांच्याशी वाद घालणाऱ्या सिस्टर जेराल्डिनच. १९७७ मध्ये ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे या वादातील दोन्ही बाजू आपण त्यांच्या स्वतःच्या शब्दांत वाचू शकतो.

५. मतभेदातून भाषांतराकडे

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतरातील हिंदू धर्मकल्पनांशी जोडलेले शब्द टाळावेत आणि भाषा साध्या स्त्रियांना समजेल अशी असावी, हा त्यांचा आग्रह होता.

तरुणपणी लॅटिनऐवजी संस्कृत मागणारी स्त्री उतारवयात संस्कृत परंपरेतील धर्मशब्द टाळते, यात वरवर विसंगती दिसते. या काळात त्यांची श्रद्धाही बदलली होती, हे खरे. तरीही दोन्ही वेळी एक सूत्र कायम दिसते : श्रद्धेचा शब्द श्रद्धा ठेवणाऱ्याला कळला पाहिजे.

६. सारांश

असंमत मताला दिलेले तीन प्रतिसाद आपण पाहिले : सूत्र ठरवून मत वगळणे, दंड करणे आणि संवाद करणे. संवादात एकमत झालेच असे नाही. जेराल्डिन आणि रमाबाई यांचे मतभेद मिटले नाहीत, तरी संबंध तुटला नाही आणि पुरावा नष्ट झाला नाही. आपल्या घरातही कोणी परंपरेविषयी प्रश्न विचारत असेल. त्याला नाव देण्यापूर्वी त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकणे, ही अभ्यासाचीही पहिली पायरी आहे.

स्वाध्याय

१. ‘पाषण्ड’ आणि ‘हैरेसिस’ या शब्दांच्या अर्थपालटातील साम्य स्पष्ट करा.
२. सिस्टर जेराल्डिन व डोरोथिया बील यांच्या भूमिकांची तुलना करा.
३. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ‘दरबार’ या शब्दाच्या निवडीविषयी आपले मत दहा ओळींत लिहा.
४. आपल्या परिसरात एखाद्या पंथाला त्याचे अनुयायी कोणत्या नावाने ओळखतात आणि इतर लोक कोणत्या, याची नोंद करा. दोन्ही नावांतील अर्थछटांचा फरक लिहा.