औषधाचे माप आणि शरीराची अमानत

हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आला आहे. एक व्यक्ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आली आणि तिने आपल्या भावाच्या पोटाच्या विकाराची तक्रार मांडली. प्रेषितांनी त्याला मध पाजण्यास सांगितले. ती व्यक्ती पुन्हा आली, पुन्हा तेच सांगण्यात आले. असे वारंवार घडले आणि अखेर रुग्ण बरा झाला (सहीह बुखारी). हिजरी ७५१ मध्ये निधन पावलेले इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी ‘जादुल मआद’ या ग्रंथात या पुनरुक्तीचा अर्थ उलगडला आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, रोगाच्या मानाने औषधाला एक माप असते. मात्रा कमी पडली तर रोग समूळ जात नाही आणि ओलांडली तर शरीराची शक्ती खचून दुसराच अपाय उद्भवतो.

आपल्या घरांत मात्र नेमका उलटा हिशेब चालतो. एका गोळीने गुडघा थांबला नाही, तर दोन घ्याव्यात. दोनांनी नाही, तर तीन.

पॅरासिटामॉल हे सर्वांत निरुपद्रवी समजले जाणारे औषध घेऊ. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही त्याची कमाल मर्यादा आहे. कृश, कुपोषित किंवा यकृताचा विकार असलेल्या व्यक्तीसाठी ती त्याहूनही कमी असते. हे औषध यकृतात विघटित होताना त्याच्या अल्प अंशाचे विषारी द्रव्य बनते. ग्लुटाथायोन नावाचा शरीरातील पदार्थ ते निष्प्रभ करतो. मात्रा वाढली की हा साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवरच तुटून पडते. शिवाय तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी यांची नावे निराळी असली, तरी पुष्कळदा तिन्हींत पॅरासिटामॉलच असते. मर्यादा ओलांडली गेल्याचे घेणाऱ्याला कळतही नाही.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांची तऱ्हा वेगळी. वेदना निर्माण करणारी जी द्रव्ये त्या रोखतात, तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. म्हणून अतिसेवनाने जठरात व्रण होतो, रक्तस्राव होऊन शौच डांबरासारखे काळे होते, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या वृद्धांना हा धोका अधिक. (आपल्या देशातील गिधाडे याच डायक्लोफेनॅकमुळे संपत आली. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन त्यांची मूत्रपिंडे बंद पडली आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.)

या विषयाचा संबंध रमजानशी अधिक आहे. दिवसभर गोळी घेता येणार नाही, म्हणून सेहरीच्या वेळी दुपारचीही मात्रा एकदमच गिळून टाकण्याची रीत अनेक घरांत, विशेषतः आपल्या माता-भगिनींत, रूढ आहे. हेतू निर्मळ आहे. कृती घातक आहे. एका वेळी दुप्पट गिळल्याने गोळीचा परिणाम दुप्पट वेळ टिकत नाही, केवळ भार दुप्पट होतो. त्यातच उन्हाळ्यातील रोजा असेल, तर शरीरातील पाणी घटते आणि मूत्रपिंड आधीच ताणाखाली असते. पवित्र कुरआनने रोजे अनिवार्य करतानाच रुग्णाला ते अन्य दिवसांत पूर्ण करण्याची मुभा दिली आहे (सूरह अल-बकरा : १८४-१८५). बरे होण्याची आशा नसलेल्या जीर्ण रुग्णासाठी फिदिया आहे. त्याचे प्रमाण हनफी आणि कोकणातील शाफई बांधवांनी आपापल्या आलिमांना विचारावे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारून शरीराला इजा करणे ही परहेजगारी नव्हे. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण प्रेषितांनी अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना उपवासाच्या संदर्भातच दिली होती. रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटून इफ्तार व सेहरीच्या वेळांत बसणारी मात्रा ठरवून घेता येते.

ट्रामाडॉलसारख्या गोळ्या अफूच्या वर्गातील आहेत. २०१८ पासून आपल्याकडे त्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यांची सवय जडते आणि अतिमात्रेने श्वास मंदावतो. वैद्यकीय गरजेपुरती त्यांना मुभा आहे, हे फुकहांनी सांगितले. परंतु गरजेची मुभा गरजेच्या मापापुरतीच असते, हेही त्यांनीच सांगितले. वेदना शमल्यावर केवळ सुस्तीसाठी घेतलेल्या गोळीला औषध कसे म्हणावे?

आणखी एक गोष्ट. शेजारणीला स्वतःची गोळी देणे ही आपल्याकडे सेवा समजली जाते. माननीय जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार, प्रवासात डोक्याला जखम झालेल्या एका सहाबींना सोबत्यांनी पुरेशा ज्ञानाविना स्नान अनिवार्य असल्याचे सांगितले. स्नानानंतर ते मरण पावले. प्रेषित अत्यंत संतप्त झाले आणि माहीत नसेल तर विचारून घेणे हाच अज्ञानावरील इलाज असल्याचे त्यांनी बजावले (अबू दाऊद). ज्याला वैद्यक अवगत नाही, त्याने उपचार करून अपाय केल्यास तो जबाबदार धरला जातो, असेही हदीसमध्ये आले आहे.

कोणी चुकून वा वेदनेच्या भरात अधिक गोळ्या घेतल्याच, तर ‘काही होत नाही, झोपू द्या’ असे म्हणू नये. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेनंतर पहिला दिवस बहुधा मळमळीपलीकडे काहीच जाणवत नाही, आणि त्याच अवधीत यकृत बिघडत असते. त्यावर एसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे. पहिल्या ८ तासांत दिल्यास तो सर्वाधिक गुणकारी ठरतो. घरी उलटी करवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत, म्हणजे कोणती गोळी, किती आणि केव्हा घेतली हे डॉक्टरांना लगेच समजेल.